लाल चौकटीतलं नाव

माझ्या नणंदेने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात साल कुणी आकड्यांनी सांगत नाही. 'योन्सिमचं दुसरं लग्न झालं ते वर्ष' म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि सगळे एकदा हसून घेतात. नवरदेव एकाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर सुनछान शहराच्या बसगाड्या चालवून निवृत्त झालेले, आडनाव योम. मी त्यांना योमराव म्हणते. अजूनही कुठल्याही दारातून आत शिरण्याआधी ते मागे वळून बघतात, सगळे चढले का म्हणून.

मला अक्षरओळख सदुसष्टाव्या वर्षी झाली. त्याची करुण कहाणी सांगायला मी बसलेले नाही. आमच्या अक्षरवर्गातल्या सगळ्याच बायकांच्या करुण कहाण्या दर हिवाळ्याआधी प्रदर्शनात भिंतीवर लागतात, ज्याला हौस असेल त्याने तिथे जाऊन रडावं. सांगायचं एवढंच, की त्याआधी माझं सगळं लिहिणं-वाचणं आमचे हे करत. हे पोस्टात होते. कसलाही कागद आला की मी तो यांच्यापुढे धरायची, आणि हे चष्मा पुसून, घसा खाकरून, विजेचं बिल असलं तरी राजाचं फर्मान असल्यासारखं वाचायचे. मी वर्गात नाव घातलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मी आहे ना लिहायला." त्यानंतर जेवढी प्रदर्शनं झाली, त्यातल्या एकालाही हे आले नाहीत. "पाय दुखतो," म्हणत. तोच पाय दर रविवारी डोंगर चढून उतरत असे.

या खेपेला यांना आणायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं. पुढची सगळी धावाधाव त्यातून झाली.

कापणीच्या सणाला मुलगी मिरान सोलहून आली आणि सण संपला तरी राहिली. तिचं ऑफिस तिच्या लॅपटॉपमध्ये मावतं. ती नेमकं काय करते हे शेजारणींना सांगताना मी 'कॉम्प्युटरचं' म्हणून वेळ मारून नेत असे. एक दिवस पर्सिमन सोलून तिला द्यायला गेले आणि पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघितलं. एक लांबट चौकट होती. तिच्याखाली तशीच चौकट. तिच्याखाली आणखी एक.

"काय गं, एकच चौकट किती वेळा काढलीस? पगार देतात ना तुला?"

"आई, चौकट एकच आहे. नाव लिहायची. पण तिच्या जेवढ्या तऱ्हा आहेत तेवढ्या एका पानावर मांडून दाखवायच्या. म्हणजे कंपनीत जो कुणी नवा पडदा करेल त्याने इथूनच उचलायची, मनाने काढायची नाही. याला डिझाइन सिस्टिम म्हणतात."

मी खुर्ची ओढून बसले. एक चौकट नुसती रिकामी होती. एकीत फिक्या अक्षरांत काहीतरी पुटपुटल्यासारखं लिहिलं होतं. एकीत उभी बारीक काडी लुकलुकत होती. एक नाव लिहून भरलेली, एक हिरवी, म्हणजे सगळं बरोबर. एकीत काहीही लिहा, ठिपकेच दिसायचे.

"ही तुझी आत्या," मी म्हटलं. "तासभर बोलते, आणि काय बोलली ते कुणाला कळत नाही."

मिरान हसली. "आणि ही करडी? हिच्यात काहीच लिहिता येत नाही. नुसती बघायची."

"ते तुझे बाबा."

"मग तू कुठली?"

मी लुकलुकणाऱ्या काडीवर बोट ठेवलं. बोलावून ठेवलंय आणि कुणी येईना, अशी ती दिसत होती. पण मुलीला हे सांगायचं कसं, म्हणून मी म्हटलं, "पर्सिमन खा, काळं पडेल."

सगळ्यात खाली एक लाल होती. लाल कड, आत लाल अक्षरं, खाली लिहिलेलं : 'हे नाव चुकीचं आहे. पुन्हा लिहा.' ती बघून मला उगाच सासूबाई आठवल्या.

मिरानने मला प्रत्येक चौकटीत नाव लिहायला लावलं. फिक्या अक्षरांच्या चौकटीपाशी मी हात मागे घेतला. "हिच्यात आधीच कुणीतरी लिहिलंय. दुसऱ्याच्या जागेवर मी कशी बसू?" मिरानने डोळे विस्फारले, म्हणाली पुन्हा सांग, आणि लगेच कुणाला तरी फोन लावून माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुकीबद्दल सोलमध्ये कुणीतरी आभार मानत होतं.

त्या दुपारी घरातल्या खालून तापवलेल्या फरशीवर लवंडले तर डोळा लागला. स्वप्नात मी खाडीकाठच्या लव्हाळ्यांच्या रानात चालत होते. लव्हाळी माझ्याहून उंच, वरचे तुरे उन्हाने पांढरे झालेले, आणि मधूनमधून नुसती दारं उभी होती. घरं नाहीत, भिंती नाहीत, कागदी दारं. प्रत्येक दाराच्या मधोमध एक काडी काजव्यासारखी उजळायची आणि विझायची. कुणी ये म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं. मी एका दारापाशी गेले, तर माझी सावली माझ्या आधी आत गेली. जाग आली तेव्हा ठरलं होतं. यंदा मी कविता टांगणार नाही. चौकट टांगणार, तिच्या सगळ्या तऱ्हांसकट, माणसाएवढी.

शिनबाई, आमच्या शिक्षिका, जरा हिरमुसल्या. माझ्या आदल्या वर्षीच्या कवितेवर त्यांचा फार जीव. 'आई, पर्सिमन पिकलं, तू कुठे आहेस' अशी ती कविता. वाचून त्या रडल्या होत्या. खरं तर लिहिताना माझ्या डोक्यात फक्त पर्सिमन होतं. आई ओळ भरायला घेतली होती.

"पण यात भावना कुठे आहे?" शिनबाईंनी विचारलं.

"बाई, बाजारातल्या नूडलवाल्याने ऑर्डर घेणारी पोरगी काढून तिथे कॉम्प्युटरचा पडदा उभा केलाय. आपल्या वर्गातली सुनवोल त्याच्यापुढे जाऊन वाकून नमस्कार करते आणि उपाशी परत येते. ही भावना नाही का?"

शिनबाईंनी परवानगी दिली.

चौकटी कशाच्या करायच्या हा प्रश्न योमरावांनी सोडवला. लग्न करून ते योन्सिमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते आणि गावाकडचं त्यांचं घर पाडायचं चाललं होतं. "वहिनी, लाकडी जाळीची, कागद डकवलेली जुनी दारं आहेत. सगळी न्या. फक्त कुरकुरतात." माणूस भला. दारं घेऊन आले तेव्हा लिफ्टपाशी थांबून त्यांनी दारांनाही आधी चढू दिलं.

जुना कागद भिजवून खरवडला, कणकेची खळ शिजवली, तुतीच्या सालीचा नवा कागद डकवला, आणि दार ओढताना हात लागतो त्या जागी, आमची आई लावायची तशी, मेपलची वाळलेली पानं आत चिकटवली. दारं इमारतीच्या मागे उन्हात उभी केली. कागद सुकताना ताणला जातो आणि मधूनच टप्प असा आवाज होतो, ढोलकीवर कुणी एकच बोट मारावं तसा. मी बसून ऐकत राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. हे वरच्या गॅलरीतून बघत होते. मी वर पाहिलं की हे कुंडीला पाणी घालू लागत. त्या आठवड्यात ती कुंडी बुडाली.

आता जागा. ज्येष्ठांच्या हॉलबाहेरचा पश्चिमेच्या काचांचा लांब व्हरांडा मला हवा होता. त्यासाठी आमच्या वसाहतीच्या कार्यालयात गेले. मॅनेजर फ्यो म्हणाले, "आजी, आता अर्ज फोनवरूनच."

"मी समोर उभी आहे, तोंडाने सांगते आहे."

"तोंडाचा अर्ज सिस्टिम घेत नाही."

मी तिथेच बसून फोन काढला. नावाची चौकट आली. काडी लुकलुकत होती. जुनी ओळख असल्यामुळे मी तिला मनातल्या मनात 'आले गं' म्हटलं आणि लिहिलं : पेक मालनाम. चौकट लाल झाली. 'या नावाचा रहिवासी नाही.' एकोणीस वर्षं त्याच घरात किमची घालते आहे मी!

"घर साहेबांच्या नावावर आहे ना," फ्यो म्हणाले. "साहेबांचं नाव घाला, दोन मिनिटांत होईल."

"प्रदर्शन माझं, नाव साहेबांचं?"

"मग आजी, मी तरी काय करू?"

"प्यायला पाणी द्या. मी बसले आहे."

त्यांनी पाणी दिलं, मग बार्लीचा चहा दिला, मग शोधायला लागले. घर नावावर नसलेल्या माणसाला त्या फोनवर एकच गोष्ट करता येत होती : मोठ्या टाकाऊ वस्तू फेकण्याचा अर्ज. उचलायची गाडी येईपर्यंत वस्तू व्हरांड्यात तीन दिवस ठेवता येतात. फ्योंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अशा रीतीने माझं प्रदर्शन सरकारदरबारी कचरा म्हणून मंजूर झालं. प्रत्येक दारावर 'टाकाऊ' असा हिरवा कागद चिकटवायचा, ही अट.

संध्याकाळी प्रत्येक घरातल्या छताला लावलेल्या कर्ण्यातून यंत्राचा गोड आवाज आला : "इमारत एकशे चारमधील पेक मालनाम आपली दारे टाकून देत आहेत." आमचे हे जेवत होते. चमचा हातात धरून म्हणाले, "घर सोडून चाललीस का?" त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण चमचा बराच वेळ तोंडाकडे गेला नाही.

सकाळपासून दाराशी रांग. "मिरानच्या आई, एक मला द्या, किमचीचं फडताळ झाकायला." "मिरानच्या आई, नवऱ्याशी वाजलं का? आमच्याकडे या राहायला." मी दिवसभर लोकांना सांगत होते की ते टाकाऊ नाही, आणि दारांवर हिरवे कागद मीच चिकटवत होते.

खरं संकट लाल चौकटीने आणलं. मिरान तोवर सोलला गेली होती. तिच्या पानावर अक्षरंही लाल होती, म्हणून मी लाल रंग कालवला. नाव कुणाचं लिहायचं? बाकीच्या चौकटींना माणसं मिळाली. हिरवीत योन्सिम आणि योमराव दोघांनीही आपलं नाव घुसवलं. सुनवोलला करडी हवी होती, "मला कुणी काही विचारत नाही तेच बरं," म्हणून. पण लाल रंगाने आपलं नाव लिहून घ्यायला आमच्याकडे कोण तयार होईल? लाल शाईने नाव लिहिलं की तो माणूस जगत नाही, हे दुधाबरोबर पाजलेलं असतं.

हॉलच्या अध्यक्ष होबाईंनी बैठक बोलावली.

"रिकामी ठेवा," एकजण म्हणाली.

"रिकामीला लाल कसं करणार? चूक व्हायला आधी काहीतरी लिहावं लागतं," मी म्हटलं.

"माझ्या गेलेल्या नवऱ्याचं लिहा," सुनवोल म्हणाली. "त्याचं आता काय व्हायचंय?"

"आणि उलटा परिणाम होऊन परत आला म्हणजे?" होबाईंनी विचारलं. सुनवोलने थोडा विचार केला आणि सूचना मागे घेतली.

"कुत्र्याचं लिहा."

"कुत्र्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

मॅनेजर फ्योंचं नाव सुचलं तेव्हा सगळ्यांचे डोळे चमकले. मोह मलाही झाला. शेवटी होबाई म्हणाल्या, "मिरानच्या आई, लाल चौकट गाळा." पण ती गाळली तर ती चौकटच अर्धी. सगळ्या बायका घाबरतात त्या लालला. तिच्याखाली 'पुन्हा लिहा' एवढंच लिहिलेलं असतं, हे तर मला दाखवायचं होतं. मी स्वतःचं नाव लिहायचं ठरवलं आणि घरी येऊन ब्रश हातात घेतला. तो रंगात बुडवला, निथळवला, पुन्हा बुडवला. हे दारात उभे होते.

"माझं लिही," हे म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय!"

"पोस्टात पत्ता चुकला की आम्ही पाकिटावर लाल शेरा मारायचो. माणूस मरत नाही. पत्र परत येतं, एवढंच." आणि जाता जाता म्हणाले, "'सिक' नीट काढ. तुझा 'स' नेहमी पडल्यासारखा दिसतो."

म्हणजे माझा 'स' यांनी बघितला होता. कधी, कुठे, देव जाणे. मी लाल रंगाने लिहिलं : मुन देसिक. खाली : 'हे नाव चुकीचं आहे. पुन्हा लिहा.'

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी यांना सर्दी झाली.

साधी सर्दी. पण यांची पहिली शिंक वरच्या मजल्यावर ऐकू गेली, दुसरी होईपर्यंत सगळ्या इमारतीत पोचली होती. लोक भोपळ्याची खीर घेऊन येऊ लागले. यांच्याकडे डोळे भरून बघत आणि माझ्याकडे नवरा मारणाऱ्या बाईकडे बघावं तसं. योन्सिम रडत आली. "वहिनी, माझा एकुलता एक भाऊ!" हे पांघरुणातून म्हणाले, "कोंबडीचं सूप आणलंय का ते आधी बघ." या माणसाने त्या दोन दिवसांत जे खाल्लं ते लग्नातही खाल्लं नव्हतं. मी पाण्याचा डबा घेऊन लाल अक्षरं खरवडायला निघाले, तर पांघरुणातून आवाज आला, "हात लावू नकोस. माझं नाव आहे."

"मग बघायला याल?"

"पाय दुखतो."

प्रदर्शनाची दुपार. व्हरांड्यात दारं एकामागे एक उभी, मागून पश्चिमेचं ऊन. कागद आतून मधाच्या रंगाचा झाला. पानांच्या शिरा दिसत होत्या. बायका आल्या त्या देवळात आल्यासारख्या, पाऊल न वाजवता. मी तयारी केलेलं भाषण सुरू केलं, "ही रिकामी चौकट. हिला भ्यायचं नाही..." आणि टुच्च असा आवाज आला.

मी वळले. योन्सिम, लग्नाला पुरता महिना न झालेली नवरी, एक बोट तोंडात घालून ओलं केलेलं, आणि तेच बोट हिरव्या चौकटीतून आरपार गेलेलं.

"वहिनी, बोट आपोआप गेलं!"

आता हिला काय म्हणायचं! माझ्या लग्नाच्या पहिल्या रात्री आमच्या खोलीच्या दाराच्या कागदाला पहिलं भोक पाडणारी हीच. तेव्हा बारा वर्षांची होती. बाहेर सगळं गाव, रीतच ती, ओली बोटं घेऊन आत डोकवायला उभं, खिदळत होतं. आणि आमचे हे, माझ्याकडे एकदाही न बघता, ताटातल्या चिकट भाताच्या गोळ्यांनी एकेक भोक बुजवत बसले होते. एक बुजवलं की दुसरं पडायचं. मग मीही एक गोळी वळून यांच्या हातात दिली. आमचं पहिलं बोलणं ते.

हिरव्या चौकटीला भोक पडल्यावर मग काय! ताणलेला कागद, मागून ऊन, आणि ती बोटं. सुनवोलने स्वतःच्याच करड्या चौकटीला पाडलं. "बघू दे की आत कोण आहे," म्हणत होबाईंनी फिकी अक्षरं फोडली. टुच्च, टुच्च, टुच्च. सत्तरी-ऐंशीच्या बायका लाळेची बोटं उंचावून एकमेकींना ढकलत होत्या, भोकाला डोळा लावून पलीकडच्या डोळ्याला बघून किंचाळत होत्या. योमराव प्रत्येकीला म्हणत होते, "गर्दी करू नका, मागे जागा आहे." शिनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यात भावना आहे हो." मला रडू येत होतं आणि हसू आवरत नव्हतं. माझं भाषण तोंडातच राहिलं.

एकच दार अभंग राहिलं. लाल. त्याला कुणी हात लावला नाही. मुन देसिक, आणि खाली : चुकीचं आहे.

बायका सूप प्यायला आत गेल्या. मी एकटी त्या लाल दारासमोर उभी होते. ऊन खाली आलं होतं, भोकाभोकांतून उजेडाच्या सुतळ्या निघून फरशीवर पडल्या होत्या, आणि मला क्षणभर कळेना की मी व्हरांड्यात आहे की लव्हाळ्यांच्या रानात. तेवढ्यात लाल दारावर पलीकडून सावली चढली. डोंगर चढायची टोपी. सावली शिंकली. मग नावाच्या बरोबर मधे, 'दे' आणि 'सिक' यांच्यामधे, कागदावर एक ओला डाग उमटला. तो हळूहळू मोठा झाला, काळपट झाला, आणि त्यातून एक बोट बाहेर आलं. बोट मागे गेलं. त्या जागी डोळा आला.

"आत कोण आहे?" डोळ्याने विचारलं.

"पेक मालनाम," मी म्हटलं.

"या नावाचा रहिवासी नाही म्हणे."

"पुन्हा लिहा."

डोळा मिचकावला गेला. मग पलीकडून भाताची एक गोळी भोकातून माझ्या हातात आली. खिशात घालून आणली होती, कोरडी पडली होती. मी ती भोकाला लावली नाही. खाऊन टाकली.

ठरल्या दिवशी टाकाऊची गाडी आली आणि हिरवा कागद असलेली सगळी दारं घेऊन गेली. परवानगीच तशी होती. लाल दार आम्ही दोघांनी धरून घरी नेलं, ते आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीला टेकून आहे. मिरानला सगळं कळवलं, तेव्हा तिने तिच्या पानावर अक्षरं काळी केली आणि लाल रंग फक्त कडेला ठेवला. पुढे बँकेचे, दवाखान्याचे अर्ज आम्ही शेजारी बसून भरत असू. मी लिहायची, आणि हे घसा खाकरून वाचायचे.

इमारतीत अजून कुणीकुणी त्या लाल रंगाचं नाव काढतं, म्हणून सांगून ठेवते. मुन देसिक त्या लाल अक्षरांनंतर सहा वर्षं जगले. ते सोळा नोव्हेंबरला सकाळी घरी, झोपेत वारले. त्यांच्या जन्माची नोंद दोन वर्षं उशिरा झाली होती, त्यामुळे कागदावर त्यांचं वय ऐंशी होतं. खरं ब्याऐंशी.